गोतावळ्यातलं इंजिन

मॉरिस मायनरचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना भरपूर मोकळी जागा दिसते. पाना फिरवायला अडचण नाही, हात कोपरापर्यंत खाली जातो. मेकॅनिकची सोय बघून मात्र ही जागा ठेवलेली नव्हती. ॲलेक इसिगोनिस यांनी ही गाडी आखली तेव्हा तिच्यासाठी आडव्या मांडणीचं, समोरासमोर सिलिंडर असलेलं रुंद इंजिन योजलं होतं. ते इंजिन गाडीत कधी आलंच नाही. १९४८च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात मायनर लोकांसमोर आली ती युद्धाआधीच्या मॉरिस एटचं ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन पोटात घेऊन. ताकद जेमतेम २७ अश्वशक्ती. रॅक-पिनियन स्टिअरिंग, पुढे टॉर्शन बारचं सस्पेन्शन, वळणावर न डगमगणारी बांधणी, हे सगळं काळाच्या पुढचं. आणि त्याला ओढणारं इंजिन मागल्या पिढीचं. गाडी जेवढा वेग सहज पेलत होती तेवढा ते इंजिन देऊ शकत नव्हतं. मायनरमध्ये दुसरं, जोरकस इंजिन बसवावं ही इच्छा त्या गाडीइतकीच जुनी आहे.

जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं, आणि तेही नोकरदार माणसाच्या किंवा छोट्या गॅरेजवाल्याच्या खिशाला झेपेल अशा खर्चात, हा या पुस्तकाचा विषय. जगभर हे काम चालतं आणि प्रत्येक देशात त्याची तऱ्हा निराळी आहे. मी मुद्दाम एकाच घराण्यातल्या गाड्या घेतल्या आहेत: ब्रिटनमधल्या मॉरिस मायनर आणि एमजीबी, आणि हुगळीकाठी उत्तरपाड्याला तयार झालेली आपली अ‍ॅम्बॅसेडर. या घराण्यात गाडी बनवणाऱ्यांनी स्वतःच पुन्हापुन्हा इंजिनाची ताकद वाढवली. दर वेळी त्यांनी इंजिनाबरोबर आणखी काय काय बदललं ते आज कुणालाही पाहता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे: गाडीला जास्त ताकद द्यायची तर ती तिच्या गोतावळ्यातून द्यावी, आणि कारखान्याने त्या वेळी जे जे बदललं ते ते आपणही बदलावं. स्वस्तात काम होतं ते याच वाटेने. भंगारात पडलेलं सगळ्यात मोठं इंजिन उचलून आणणं स्वस्त वाटतं. त्याचा खरा हिशेब पुढे सहा महिन्यांनी लागतो.

मायनरचाच हिशेब बघा. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या एक होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली आणि मायनरला ऑस्टिनचं ८०३ सीसीचं ए-सिरीज इंजिन मिळालं. १९५६ मध्ये ते ९४८ सीसीचं झालं, ताकद ३७ अश्वशक्ती. १९६२ मध्ये १०९८ सीसी आणि ४८ अश्वशक्ती. या शेवटच्या पायरीवर थांबण्यासारखं आहे. वाढ अकरा अश्वशक्तींची. आजच्या मोटारसायकलवाल्यालाही ती किरकोळ वाटेल. पण तेवढ्यासाठी कारखान्याने पुढचे ब्रेक ड्रम सात इंचांचे आठ इंच केले, क्लच सव्वासहा इंचांचा सव्वासात इंच केला, गिअरबॉक्स आतून मजबूत केला आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर ४.५५ वरून ४.२२ वर आणलं. मायनर ही ब्रिटनमधली दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली गाडी. लाखांनी गाड्या विकणाऱ्या कारखान्यात दर गाडीमागे एका शिलिंगाचाही वाद होतो. गरज नसती तर त्यांनी एवढा खर्च केला नसता.

ब्रेकचं कारण शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे. धावत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना ब्रेकमध्ये जेवढी उष्णता उतरते, त्याच्या दीडपटीहून अधिक ती १०० वरून थांबताना उतरते. नव्या इंजिनाने गाडी घाटाच्या माथ्यावर लवकर पोचेल. उतारावर मात्र तेच जुने ड्रम, तेच जुने लायनर. ड्रम तापून फुगला की पायाखालचं पेडल खोल जातं आणि लायनरची पकड सुटत जाते. म्हणून या पुस्तकाची सुरुवात ब्रेकपासून आहे आणि इंजिन बऱ्याच पानांनंतर येतं. वाचकाने ती पानं ओलांडून पुढे जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मायनरला १०९८ सीसीच्या पुढे कारखान्याने नेलं नाही, पण ए-सिरीज पुढे गेली. तिचं १२७५ सीसीचं रूप मिनी कूपर एस, एमजी मिजेट आणि १९७१ साली आलेल्या मॉरिस मरीनात बसलं. मिनीतलं इंजिन आडवं असतं आणि त्याचा गिअरबॉक्स खाली तेलाच्या टबातच असतो, त्यामुळे ते मायनरला जसंच्या तसं चालत नाही. मिजेट आणि मरीनाचं इंजिन उभ्या मांडणीचं. बाहेरचं ओतकाम मायनरच्या इंजिनाशी इतकं मिळतंजुळतं की माउंटिंग आणि पुढच्या-मागच्या प्लेटी जुन्या इंजिनावरच्या काढून नव्यावर चढवता येतात. त्यातही मरीनाचं मोल निराळं होतं. खर्च वाचवण्यासाठी मरीनाचं पुढचं सस्पेन्शन मायनरवरूनच बेतलेलं होतं, आणि त्याला डिस्क ब्रेक मिळत होते. म्हणजे ज्या गाडीतून साठेक अश्वशक्तीचं इंजिन काढायचं, तिच्याच पुढच्या चाकांचे डिस्क ब्रेक थोड्या कारागिरीने मायनरला बसतात. मरीनाला ब्रिटनमध्ये फारसं प्रेम मिळालं नाही. त्यामुळे ती भंगारात लवकर आली आणि मायनरवाल्यांची एक पिढी तिच्यावर पोसली गेली. मागच्या एक्सलसाठी मिजेट आणि स्प्राइट होत्याच, त्यांचा ३.९ गुणोत्तराचा क्राउन-पिनियन मायनरच्या एक्सलमध्ये बसतो आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे साडेसात टक्क्यांनी उतरतात. लांबच्या रस्त्यावर कानांना आणि बेअरिंगना तेवढ्याने केवढा आराम पडतो, हे चालवल्यावरच कळतं.

आज मरीना स्वतःच दुर्मिळ झाली आहे, त्यामुळे हे भाग आता भंगारापेक्षा जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जास्त मिळतात आणि महाग मिळतात. पण निवडीची रीत तीच राहते.

मायनरबद्दल आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. तिच्या पुढच्या टॉर्शन बारचं मागचं टोक गाडीच्या तळाखालच्या आडव्या तुळईत अडकवलेलं असतं. ती तुळई गंजली असेल तर ताकदीचं इंजिन ही त्या गाडीची शेवटची गरज आहे. आधी तळ, तुळई आणि स्प्रिंगचे हँगर ठोकून बघा, वेल्डिंग करून घ्या. पत्र्याच्या कामात पैसे संपले तर संपू द्या. इंजिन पुढच्या वर्षी बसेल.

एमजीबीची गोष्ट मोठी आहे आणि मला ती फार आवडते. १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून ही गाडी निघाली, १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन आणि ९५ अश्वशक्ती घेऊन. ते इंजिन सगळं लोखंडी, दणकट आणि जड. तिकडे अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९६१ ते १९६३ या काळात साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन बनवलं. ओतकामाच्या अडचणी होत्या, त्यातच पातळ भिंतींचं लोखंडी ओतकाम स्वस्तात जमायला लागलं होतं, आणि ब्यूइकने ते इंजिन सोडून दिलं. रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत मर्क्युरी मरीन या होड्यांची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत गेले असताना त्यांच्या नजरेला ते पडलं. १९६५ मध्ये रोव्हरने त्याचे हक्क घेतले. १९६७ पासून ते रोव्हरच्या मोठ्या मोटारींत आणि १९७० पासून रेंज रोव्हरमध्ये बसू लागलं आणि पुढे चारेक दशकं टिकलं. आठ सिलिंडर असूनही वजनाला ते एमजीबीच्या चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाच्या जवळपासच होतं.

केन कॉस्टेलो नावाच्या, मिनीच्या शर्यतींत नाव कमावलेल्या माणसाने १९७०च्या सुमारास हे इंजिन एमजीबीत बसवून अशा गाड्या विकायला सुरुवात केली. कंपनीच्या मंडळींनी त्याची गाडी पाहिली, आणि १९७३ मध्ये कारखान्याची स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आली. ताकद १३७ अश्वशक्ती. त्याच वर्षी तेलाचं संकट कोसळलं आणि १९७६ पर्यंत अवघ्या २५९१ गाड्या निघून ती बंद पडली. गाडी थोडकीच निघाली, पण तिच्यासाठी केलेल्या बदलांची यादी आपल्या कामाची आहे. एक्सलचं गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आणलं; व्ही-८ ला कमी फेऱ्यांतच जोर मिळतो, त्याला धावायला लांब गिअर हवा. ब्रेकच्या डिस्क जाड केल्या. तारांची चाकं काढून टाकली, कारण त्या जोराला ती पुरणारी नव्हती. रेडिएटर पुढे सरकवला, दोन विजेचे पंखे लावले. आणि गाडीच्या पुढच्या आतल्या पत्र्याचा आकार बदलला, कारण व्ही-८ च्या दोन्ही बाजूंनी निघणाऱ्या एक्झॉस्टला तिथे जागा नव्हती.

इथे काटकसरीने वागणाऱ्याच्या हाताला एक मोठी गोष्ट लागते. आकार बदललेला तो पत्रा दोन प्रकारांत बनवणं कारखान्याला परवडणारं नव्हतं. १९७४च्या अखेरीस काळ्या रबरी बंपरची एमजीबी आली तेव्हापासून चार सिलिंडरच्या गाड्यांनाही व्ही-८ला पुरेल असाच पुढचा भाग मिळू लागला. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी आलेले ते काळे बंपर आणि उंच झालेली गाडी हौशी संग्राहकांना आवडत नाहीत. त्यांची पसंती क्रोमच्या बंपरला. त्यामुळे व्ही-८ साठी आतून तयार असलेली गाडी बाजारात स्वस्त मिळते, आणि जी महाग मिळते तिच्यात पत्रा कापावा लागतो. इतकी सरळ संधी या क्षेत्रात क्वचितच सापडते. इंजिनासाठी रोव्हरची १९७६ ते १९८६ मधली एसडी-वन ही मोठी मोटार होती; तिच्यातून पाच गिअरचा बॉक्सही इंजिनासोबतच मिळायचा.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थान मोटर्सच्या गाड्या या गोतावळ्यातल्याच. बेबी हिंदुस्थान म्हणजे मॉरिस मायनर. लँडमास्टर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची दुसरी मालिका, आणि अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे तिसरी. अ‍ॅम्बॅसेडरलाही पुढे टॉर्शन बार, मायनरसारखेच. तिच्या पोटात वर्षानुवर्षं राहिलेलं १४८९ सीसीचं इंजिन बी-सिरीजचं, म्हणजे एमजीबीच्या इंजिनाचं थोरलं भावंड. ब्रिटनमध्ये याच १४८९ सीसीच्या एमजी मॅग्नेटमध्ये पुढे अनेकांनी एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बसवलं. आपल्या रस्त्यांवर एमजीबी नव्हत्याच, त्यामुळे ती वाट आपल्याला बंद राहिली. आपली वाट जपानमधून आली.

१९८४ साली हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा काढली. अंगाने ती व्हॉक्सॉलची मोठी मोटार, आणि इंजिन अ‍ॅम्बॅसेडरचंच, पन्नासेक अश्वशक्तीचं. देखण्या गाडीला ओढायला ते पुरत नव्हतं. काही वर्षांत कॉन्टेसाला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स मिळाला आणि तिचा स्वभावच पालटला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तेच इंजिन अ‍ॅम्बॅसेडरमध्ये आलं, ७५ अश्वशक्तीच्या रूपात. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर जाऊन खाली जमिनीवर पाच गिअरचा दांडा आला. नंतरच्या काही गाड्यांत पुढे डिस्क ब्रेकही आले. म्हणजे ज्याच्याकडे साठ-सत्तरच्या दशकातली अ‍ॅम्बॅसेडर आहे त्याच्यासाठी उत्तर कारखान्यानेच लिहून ठेवलं आहे: इंजिन, गिअरबॉक्स, माउंटिंगचे ब्रॅकेट, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, सगळं एकाच नंतरच्या अ‍ॅम्बॅसेडरमधून घ्या. कॉन्टेसामधून इंजिन मिळेल, पण इंजिन धरून ठेवणारे ब्रॅकेट अ‍ॅम्बॅसेडरचेच लागतील. मुंबईकरांच्या प्रेमाच्या पद्मिनीलाही असं भावंड होतं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ११८ एनई काढली तेव्हा फियाट १२४च्या अंगात निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन बसवलं. पद्मिनीवाल्यांची नजर त्या इंजिनावर गेली नसती तरच नवल.

आपल्याकडे इंजिन बदलण्याची जी मोठी परंपरा आहे तिचा हेतू मात्र वेगळा होता, हेही नोंदवायला हवं. पेट्रोलची जीप किंवा अ‍ॅम्बॅसेडर घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं, ते एव्हरेजसाठी. वडाप करणाऱ्याला, बागायतदाराला, टॅक्सीवाल्याला पिकअपशी देणंघेणं नव्हतं. लिटरमागे किती किलोमीटर, हा त्याचा प्रश्न. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावांतल्या मेस्त्रींनी ही कामं हाताने मापं घेऊन, लेथवर बुश वळवून, अँगल आणि चॅनल वेल्ड करून केली. डिझेल इंजिन जड, त्यामुळे गाडीचं नाक खाली बसायचं. मग अ‍ॅम्बॅसेडरचे टॉर्शन बार पिळून उंची परत आणायची. ही माणसं कागदावर काही लिहून ठेवत नसत. त्यांच्या हातातलं शहाणपण त्यांच्याबरोबर संपतंय, याची मला खंत आहे, आणि या पुस्तकातलं बरंचसं त्यांच्या कामाच्या रीतीवर उभं आहे.

पैसा नेमका कुठे जातो, ते आता बघू. इंजिन विकत घेताना जी रक्कम मोजली तेवढी तरी रक्कम त्याला गाडीत नीट बसवायला बाजूला ठेवावी असं माझं मत आहे. गोतावळ्याबाहेरचं इंजिन असेल तर त्याहून बरीच जास्त. कारण इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरांतले असले की मधे अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते. ही प्लेट कुठल्याही लेथवाल्याकडून करून घेता येते, असा समज आहे. पण क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा लागतो, आणि तिथे फरक चालतो तो साधारण एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. त्याहून जास्त सरकलं तरी गाडी चालते, आणि धोका नेमका तिथेच आहे. क्लच प्लेटचा मधला भाग दर फेऱ्याला वाकत राहतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं, आणि काही हजार किलोमीटरनंतर एखाद्या घाटात गिअर पडेनासा होतो. स्वस्त प्लेटची किंमत तेव्हा कळते. एकाच गाडीतून आलेल्या इंजिन-गिअरबॉक्सला हे संकट मुळातच नाही.

दुसरी जागा प्रोपेलर शाफ्टची, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा एका फेऱ्यात त्याचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तर ही चढउतार तिथे पुसली जाते. म्हणून गिअरबॉक्सची मागची रेषा आणि डिफरन्शियलच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हवी. नवं इंजिन उंच आहे म्हणून गिअरबॉक्सचं शेपूट खाली केलं, तर गाडी विशिष्ट वेगाला थरथरू लागते. मग मालक चाकं बॅलन्स करून आणतो, टायर बदलतो, इंजिनाला दोष देतो. वीसेक रुपयांचा कोनमापक आधीच लावला असता तर हे सगळं वाचलं असतं.

तिसरी जागा रेडिएटरची. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातला ढोबळमानाने चौथा हिस्सा चाकांकडे जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. म्हणजे ताकद दीडपट मागितली की पाणी थंड करायचं कामही दीडपट. पन्नास वर्षांच्या रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या आधीच गाळाने भरलेल्या असतात. त्यात आपला मे महिना आणि चढावरची वाहतूक. नव्या इंजिनाला दोष देण्याआधी जुना कोअर बदलून घ्या. त्याच वेळी पेट्रोलचे रबरी पाइपही नवे टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही आणि गळतं ते नेमकं तापलेल्या एक्झॉस्टजवळ. मायनरमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. नंतरच्या काळातलं ऑल्टरनेटरवालं इंजिन घेणाऱ्याने हे आधी बघावं.

गोतावळ्याबाहेर कधी जाऊच नये, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत आज कुठल्याही जुन्या गाडीत जनरल मोटर्सचं एलएस घराण्याचं व्ही-८ बसवतात. १९९७ च्या कॉर्व्हेटपासून ही पिढी सुरू झाली आणि १९९९ पासून तिचीच लोखंडी ब्लॉकची ५.३ लिटरची इंजिनं शेवरलेच्या पिकअप ट्रकांतून लाखांनी रस्त्यावर आली. ट्रक भंगारात जातो, इंजिन अजून धडधाकट असतं. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच असल्यामुळे इंजिनाचं डोकं रुंद होत नाही आणि ते अरुंद जागेतही मावतं. तिथे ते स्वस्त पडतं, कारण हजारोंनी ती वाट तुडवलेली आहे; माउंटिंग, वायरिंग, टब, सगळं तयार विकत मिळतं. ब्रिटनमध्ये फोर्ड सिएराचा पाच गिअरचा बॉक्स मायनरला आणि एमजीबीला असाच मळलेल्या वाटेने बसतो. परकं इंजिन निवडायचंच असेल तर असं निवडावं की ज्याची अडचण दुसऱ्या कुणी आधी सोडवून ठेवली आहे. आपणच पहिले असण्याची हौस महागात पडते, आणि हे पुस्तक खिसा सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२चा रोख असा आहे की नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करू नये. सीएनजी किंवा एलपीजीच्या मान्यताप्राप्त किटसाठी वाट ठेवलेली आहे; ताकद वाढवण्यासाठी तशी सरसकट वाट नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धरूनच राहण्याची भूमिका घेतली. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आरटीओत जा, काय करणार ते लिहून द्या आणि उत्तर लेखी घ्या. भंगारातून इंजिन आणताना ते ज्या गाडीचं होतं तिची कागदपत्रं आणि विक्रीची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघाताच्या दिवशी मालकाच्याच अंगावर येतो.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीवाल्यांनी तर दोनदा विचार करावा. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, तिच्यात नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. इंजिन बदललं की ती वाट बंद. ब्रिटनमध्ये नियम जरा वेगळा आहे. तिथे चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षीच्या तपासणीतून सूट मिळते, पण मोठा बदल केलेला नसावा लागतो. आणि मूळच्याच घराण्यातलं, फक्त जास्त सीसीचं इंजिन हा तिथे मोठा बदल धरत नाहीत. मायनरमध्ये १२७५चं ए-सिरीज बसवणारा माणूस तिथे नियमाच्या आत राहतो.

काढलेल्या मूळ इंजिनाचं काय करायचं, हा प्रश्न बहुतेकांना गाडी सुरू झाल्यावर पडतो. तोवर ते दाराबाहेर पावसात असतं. विकू तर नकाच. पाणी आणि तेल काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडा, क्रँक हाताने फिरवा आणि प्लग परत लावा. कार्बोरेटरचं आणि एक्झॉस्टचं तोंड लाकडी पट्टीने बंद करा, नाहीतर उंदीर घर करतात. ब्रॅकेट, बोल्ट, जुना गिअरबॉक्स, जुना क्राउन-पिनियन, सगळ्यांना चिठ्ठ्या लावून एकाच पेटीत ठेवा, आणि नव्या इंजिनासाठी गाडीच्या पत्र्याला करवत लागणार नाही अशीच आखणी करा. आर.सी. बुकात ज्याचा नंबर आहे ते हेच इंजिन. उद्या परवानगी नाकारली गेली, गाडी विकायची झाली, किंवा पुढच्या मालकाला ती मुळात जशी होती तशीच हवी असली, तर दोन माणसं आणि एक चेनपुली यांच्या बळावर दोन दिवसांत ते परत जागेवर बसलं पाहिजे.